कपाटातली चादर आणि होम मैदानावरचा पाळणा

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. लहानपणी वडील कामाला होते ती कापड गिरणी बंद पडली आणि घरात फार ओढाताण झाली. तेव्हापासून ‘चांगलं ते जपून ठेवायचं’ हे अंगात मुरलंय. आता पेन्शन आहे, मुलगा कमावतो. तरी भावानं दिलेली नवी चादर कपाटात आणि आम्ही विरलेल्या पांघरतो. शेंगाचटणी पाहुण्यांसाठी राखून ठेवते. मैत्रिणी हुरड्याला बोलावतात, मी ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणते. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसायची हौस आहे, पण या वयात? सून विचारते, “आई, कुणासाठी ठेवताय हे सगळं?” काय सांगू तिला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तिला काही सांगू नका. आधी कपाट उघडा.

गिरणी कामगाराच्या लेकीला मी सुताचं सांगावं हा आगाऊपणाच, तरी सांगते. आपली चादर घडीत राहून टिकत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीवर सूत कमजोर होतं, पिवळट रेघ उमटते आणि खळ असलेल्या कापडावर कसर तर टपलेलीच असते. उलट वापरात ती सुधारते. नवी असताना जरा कडक लागते, धूत गेलं की मऊ पडत जाते. पहिल्यांदा गार पाण्यात वेगळी भिजवा, रंग सोडेल. पाहुण्यांना दुसरी द्या. सोलापुरात राहून चादरींचा दुष्काळ पडायला नको.

शेंगाचटणीचंही तेच. ती कुटताना दाण्याचं तेल सुटतं, चव त्या तेलातच असते आणि खवट होतं तेही तेलच. आपल्या उन्हाळ्यात तर बघायलाच नको. पाहुणा येईपर्यंत तुम्ही त्याच्यासाठी खवट चटणी जपलेली असते! टिकाऊच हवं तर कडक भाकरी आहे की, ती डब्यात महिनाभर खुशाल ठेवा.

पण मला खरा राग आला तो त्या ‘पुढच्या रविवारी’चा. अहो, हुरडा रविवार बघून थांबतो का? कणसात दाणा भरला, पण अजून कोवळा, दुधाळ आहे, एवढ्या मोजक्या दिवसांतच तो हुरडा. नंतर तीच ज्वारी, दळायची आणि थापायची. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, हात पोळतो म्हणून ओरडायचं, फुंकून कोंडा उडवायचा आणि हिरवा, ऊन ऊन दाणा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. मग दही, गूळ. ‘घरी डबा पाठवा’ असं मैत्रिणींना कळवू नका. गार हुरडा चिवट होतो, आणि निम्मी मजा तर हात काळे होण्यातच असते. त्यांना आजच फोन करा. जाताना चटणी तुमची न्या, ती राखून ठेवलेली.

वडिलांच्या त्या दिवसांबद्दल मी हलकं बोलणार नाही. ज्या घरात पगार अचानक थांबला, तिथं राखून ठेवणं हाच शहाणपणा होता. आजही दवाखान्यासाठीचे पैसे बाजूला असू द्या, मुदत ठेव मोडा असं मी मुळीच म्हणत नाही. मात्र चटणीच्या डब्याला मुदत ठेवीसारखं व्याज मिळत नाही.

राहिला पाळणा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरली की होम मैदानावर सगळं सोलापूर लोटतं. तिथं तुमच्याकडे कोण बघणार? फार तर एखादी जुनी विद्यार्थिनी ओळखेल, ‘बाई, तुम्ही?’ म्हणेल. तिलाही शेजारी बसवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा; ती लाज नव्हे. सुनेला सोबत न्या, तिकीट तुम्ही काढा. आणि भजी पाळण्यातून उतरल्यावर खा, आधी नको.