लहान मुलांना घेऊन सहा दिवस लंडन: झेपेल का?

तुम्ही विचारलंय की निपाणीहून मे महिन्यात सहा दिवस लंडनला जायचंय, मुलं तीन आणि सात वर्षांची आहेत, आत्ता जावं की ती मोठी होईपर्यंत थांबावं, आणि गेलंच तर काय काय बघून होईल.

जा. खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, निपाणीकरांना सांगायला नको), ते 'काय काय बघून होईल' घरीच ठेवून जा.

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे. गेलो तेव्हा मुलगी सहाची होती, मुलगा साडेतीनचा. दीर तिथं नोकरीला आहेत म्हणून राहण्याचा खर्च वाचला. निघताना सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरांना काय कळणार आहे? पैशाला पाय फुटलेत नुसते." आमच्या ह्यांनी एका कागदावर एकोणीस ठिकाणं लिहून घेतली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच कागदानं मुलाचं नाक पुसलं.

आधी इकडचं सांगते, कारण आपल्या भागातल्या माणसांची निम्मी दमणूक इथंच होते. दोन्ही मुलांचे पासपोर्ट वेगळे आणि व्हिसाचे अर्जही वेगळे लागतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात, म्हणजे त्यालाही सोबत न्यावंच लागतं. आपले जन्मदाखले, घराचे उतारे कन्नडमध्ये असतात. अर्जाला जोडायचा जो कागद इंग्रजीत नाही त्याचं प्रमाणित भाषांतर द्यावं लागतं. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेळगाव', मुलीच्या पासपोर्टवर 'बेळगावी', कारण 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नावच बदललं. ह्यावरून अडवतील अशी मला धास्ती होती, कुणी विचारलंसुद्धा नाही. अडलं ते भलतंच. मुलीच्या दाखल्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि ते दुरुस्त करून घ्यायला एका कार्यालयाचे चार हेलपाटे झाले. तेव्हा आजच दाखले काढून एकेक अक्षर वाचा.

रात्रीची राणी चन्नम्मा रेल्वे धरून सकाळी बंगळूरला उतरायचं आणि त्याच दिवशी विमानात बसायचं, असला हिशेब मुलं सोबत असताना करू नका. विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार पलीकडं. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून विमानानं बंगळूर गाठलं, तरी दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. आम्ही एक रात्र बंगळूरला काढली. पुढं दहा-अकरा तासांचा प्रवास होता, मुलं झोपलेली तरी होती.

आता लंडन. मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. म्हणजे तिथले पहाटेचे साडेतीन हे आपले सकाळचे आठ. बरोबर साडेतीनला मुलगा उठून बसला आणि म्हणाला, "आई, भूक." जावेचं स्वयंपाकघर, बाहेर काळोख, आणि मी ओट्याशी उभी राहून भडंगाची पिशवी दातांनी फोडतेय. तीन दिवस असंच चाललं. उलट संध्याकाळी पाचलाच दोघं पेंगायला लागायची, आणि सूर्य मावळायचा नऊच्या सुमाराला. मग आम्ही सकाळी लवकर बाहेर पडायचं आणि तीनच्या आत घर गाठायचं असं ठरवलं. दिवसाला एकच ठिकाण. दुसरं जमलं तर बोनस.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बस. अकरा वर्षांखालच्या मुलांना बसला तिकीट नाही, आणि भुयारी रेल्वेत मोठ्या माणसासोबत असतील तर तिथंही नाही. बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड टेकवायचं. मोठ्यांनी प्रत्येकी आपापलं. एकदा टेकवल्यावर तासाभरात बस कितीही बदला, पैसे एकदाच जातात. भुयारी रेल्वेचं कौतुक आहेच, 1863 सालची आहे म्हणे, पण म्हणूनच कित्येक स्टेशनांवर लिफ्ट नाही. बाबागाडी उचलून जिने चढताना मला कपिलेश्वरचा उड्डाणपूल गोड वाटायला लागला. आणि बोगद्यातून दिसणार काय? बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की मुलं तासभर हलत नाहीत. 15 नंबरची बस टॉवर ऑफ लंडनवरून सेंट पॉल कॅथेड्रलच्या बाजूनं ट्रॅफल्गार चौकाकडं जाते. ह्यांच्या कागदावरची तीन ठिकाणं त्या एका बसमध्येच उरकली.

नॅचरल हिस्टरी म्युझियम फुकट आहे, तिथं जाच. दालनात शिरलं की डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, 25 मीटरच्या वर लांब. आपल्या दोन लाल बस एकामागं एक लावा, साधारण तेवढा. मुलगी मान वर करून बघत राहिली आणि मग विचारलं, "ह्याचं पोट कुठं गेलं?" वेळ आधी नोंदवून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, जमलं तर तो आठवडा टाळा.

मुलं खरी रमली ती ग्रिनिचच्या वाटेवर. तिकडं डॉकलंड्सची रेल्वे जाते, तिला ड्रायव्हरची केबिनच नाही, त्यामुळं पुढच्या काचेशी बसता येतं. मुलगा हात पुढं धरून गाडी चालवत होता आणि मागं बसलेल्या एका आजोबांना "टिकीट टिकीट" म्हणत होता. आयलंड गार्डन्सला उतरलो. तिथून टेम्स नदीच्या खालून 1902 सालचा पायी चालायचा बोगदा आहे, पावणेचारशे मीटर, पैसे लागत नाहीत. गोल जिन्यानं खाली गेलो. पांढऱ्या फरशांची लांबच लांब नळी, थंडगार. मुलगी ओरडली, "आज्जीऽऽ", आणि आवाज फिरून परत आला. मग धाकटा ओरडला, मग दीर, मग चारचौघांत कधी आवाज न चढवणारे आमचे हे. वर आलो तर समोर जुनं जहाज. ते कुणी बघितलंच नाही, पुन्हा बोगद्यात जायचं होतं.

ह्यांचा एक हट्ट मात्र पुरवला. 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 साली तिथं राहून शिकले. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली ते घर विकत घेतलं. उघडं असण्याच्या वेळा बघून जा. हे आत निवांत फिरले. मी मुलांना घेऊन जवळच्याच प्रिमरोज हिलवर गेले, तिथं दोघं गवतावरून लोळत खाली आली. हे परतले तेव्हा डोळे पाणावलेले होते, आणि मुलांच्या केसांत गवत.

बाकी किरकोळ: नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, विकत घेऊ नका. संडासात पाणी नसतं, त्यासाठी एक लहान बाटली पिशवीत ठेवाच. मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका. तीन वर्षांचं मूल चालतं म्हणून बाबागाडी टाळू नका, दुपारी दोननंतर ते चालत नाही. मेमध्येसुद्धा स्वेटर लागतो.

आणि हो, कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) नेऊ नका. भारतातून दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस तिकडं न्यायला बंदी आहे. आम्हाला हे बंगळूरच्या विमानतळावर, निघायच्या दोन तास आधी कळलं. दिरांनी सांगितलेला अर्धा किलो कुंदा पिशवीत होता. टाकवेना, मग बाकड्यावर बसून चौघांनी तो संपवला. विमानात धाकट्याला उलटी झाली ती त्याचीच.