वाचक विचारतात : कोळशावरचं चिकन

आखाड तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. भाकरी का चिरते, शेंगदाण्याची चटणी खवट का होते हे मागे पडतं आणि गच्चीवरच्या शेगडीची चौकशी सुरू होते. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. त्यांत मसाल्याचे प्रश्न जास्त आहेत. पण चिकन बिघडतं ते बहुतेक वेळा मसाल्यानं नाही, विस्तवानं. म्हणून सुरुवात तिथूनच.

लेग पीस वरून काळे ठिक्कर पडतात आणि हाडापाशी कच्चे राहतात. मसाला रात्रभर लावून ठेवतो, शेगडी चांगली फुलवतो, तरी दर वेळी हेच. काय चुकतं? (होटगी रोड)

शेगडी ‘चांगली’ फुलवता, तिथेच चुकतं. अख्ख्या लेग पीसच्या हाडापर्यंत उष्णता पोचायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. लाल निखाऱ्यावर मसाला करपायला पाच-सात मिनिटं पुरतात. तळभर निखारे पसरले असतील तर या दोन वेळांचा मेळ बसणारच नाही, मग मसाला कुठलाही असो.

निखारे शेगडीच्या एका अर्ध्या भागात लोटा. दुसरा अर्धा रिकामा ठेवा आणि तिथे जाळीखाली पत्र्याचा ट्रे ठेवून त्यात पेलाभर पाणी ओता. गळणारी चरबी त्यात पडते आणि भडका उडत नाही. चिकन आधी रिकाम्या बाजूला मांडायचं, जाड भाग विस्तवाकडे करून. वर मोठं पातेलं किंवा घमेलं उपडं घाला. कड बोटभर उचललेली राहील असं एक खापर खाली सरकवा, नाहीतर हवा कोंडून निखारे विझतात. पंचवीस ते तीस मिनिटांत एकदाच उलटा. मग झाकण काढून विस्तवाच्या बाजूला घ्या आणि दोन्ही अंगांनी तीन-तीन मिनिटं रंग आणा. म्हणजे शिजवायचं सावलीत आणि रंगवायचं उन्हात.

आच मोजायला हात पुरतो. विस्तवाच्या बाजूला जाळीच्या वर चार-पाच इंचांवर तळवा धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच फक्त रंगासाठी आहे. चार-पाच सेकंद धरता आला तर बोनलेस तुकड्यांना योग्य. ते दहा-बारा मिनिटांत होतात.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. दुकानात मिळणारा ब्रॉयलर जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा असतो. त्याची हाडं कोवळी, त्यातला लाल मगज शिजताना बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही हाडाशी लालसर दिसतं. उलट पांढरं दिसणारं मांस आत कच्चं असू शकतं. टोचायचा थर्मामीटर घ्या, टोक जाड भागात घाला, हाडाला टेकू देऊ नका. 74 अंश सेल्सिअस ही खालची मर्यादा. छातीचा तुकडा तिथेच उतरवा, पुढे तो भुशासारखा कोरडा होतो. लेग पीस मात्र 80 ते 85 पर्यंत जाऊ द्या. त्यातले चिवट धागे तेव्हा कुठे सुटतात. छाती आणि तंगडी एकाच वेळी उतरवणाऱ्याचं एक काहीतरी बिघडलेलं असतंच.

आणखी एक. फ्रिजमधून काढून थेट जाळीवर टाकू नका. वीस मिनिटं बाहेर ठेवा, पण सोलापूरच्या हवेत त्यापेक्षा जास्त नको. हाडापर्यंत दोन चिरा द्या. पाच-सहा दिल्या तर रस तिथूनच गळून जातो.

इस्त्रीवाले वापरतात तो कोळसा चालतो का? आणि रॉकेलशिवाय पेटवायचा कसा? (जुळे सोलापूर)

चालतो काय, तोच हवा. लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळसा कुणी फुकट दिला तरी नको; त्यात गंधक असतं आणि धुराची चव चिकनला धरते. बाभळीचा कोळसा उत्तम. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. खणखणीत वाजला तर पक्का, भद्द आवाज आला तर ओला किंवा अर्धवट जळलेला. वेड्या बाभळीचा कोळसाही टिकाऊ असतो. शेतकरी तिला शिव्या घालतात, पण टेक्सासकडे ज्या मेस्कीटच्या लाकडावर मांस भाजतात ते हिच्याच कुळातलं. तिच्या धुराचा वास उग्र असतो, म्हणून धुरासाठी ओली ढलपी टाकायची तर एखादीच. पेरूची किंवा आंब्याची फांदी जास्त सौम्य. कडुनिंब, निलगिरी, प्लायवूडचे तुकडे आणि रंग दिलेल्या फळ्या शेगडीजवळ आणूच नका.

आखाडातल्या दमट हवेत पोत्यातला कोळसा पाणी धरतो आणि तडतडून ठिणग्या उडवतो. ऊन पडेल त्या दिवशी गोणपाटावर पसरून वाळवा.

पेटवण्यासाठी पाच लिटर तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. वरचं झाकण पूर्ण कापा. तळाला मोठ्या खिळ्यानं वीस-पंचवीस भोकं पाडा, बाजूला तळापासून दोन बोटांवर आणखी दहा-बारा. पहिल्यांदा रिकाम्या डब्यात कागद जाळून वरचा छापील रंग उडवून टाका. मग डबा तीन दगडांवर ठेवा, खाली वर्तमानपत्राची दोन पानं पिळून सारा, डबाभर कोळसा टाका आणि कागद पेटवा. हवा खालून वर खेचली जाते. विंझणाही लागत नाही, फुंकणीही नाही. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी झाल्या की सांडशीनं धरून शेगडीत ओता. काळे निखारे दिसत असताना चिकन चढवलं तर अर्धवट पेटलेल्या कोळशाचा कडवट धूर लागतो. रॉकेलचा वासही असाच राहतो. ते कोळशात मुरतं आणि हळूहळू जळत राहतं.

दीड किलो चिकनला दीड ते दोन किलो कोळसा धरा. मध्येच भर घालायची तर कच्चा कोळसा वर टाकू नका, डब्यात वेगळा पेटवून घाला.

फॅब्रिकेटरकडून खिडकीला लावतात ती वेल्डमेश जाळी आणली आहे. चालेल? (अक्कलकोट रोड)

नाही. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त सुमारे 420 अंशांना वितळतं, आणि फुललेला निखारा त्याहून कितीतरी तापलेला असतो. त्या धुरानं थंडी वाजून ताप येतो. जुन्या फ्रिजमधली जाळीही याच कारणानं नको, तिच्यावरही मुलामाच असतो. त्याच फॅब्रिकेटरकडून 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या पाच-सहा मिलिमीटर सळया, दीड सेंटिमीटर अंतर ठेवून चौकटीत बसवून घ्या. लोहचुंबक नेलं तर बरं. 304 ला ते सहसा चिकटत नाही.

चिकन जाळीला चिकटतं ही तक्रारही बरेच जण करतात. जाळी आधी दहा मिनिटं तापवा, अर्धा कांदा तेलात बुडवून त्यानं पुसा, आणि तुकडा टाकल्यावर चार मिनिटं हात लावू नका. भाजलेला तुकडा स्वतःहून सुटतो. ओढावा लागला तर त्याची वेळ झालेली नाही.

फ्लॅटच्या गॅलरीत काचा लावल्या आहेत. पावसाळ्यात तिथेच शेगडी ठेवली तर? (विजापूर रोड)

ठेवू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वासही नाही नि रंगही नाही. डोकं जड होतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एक काच उघडी ठेवून भागत नाही. विझल्यासारखी दिसणारी शेगडीही रात्री आत आणायची नाही. सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर जा. नाहीतर ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 200 अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं भाजा आणि शेवटी धुंगार द्या: पातेल्यात चिकन, मध्ये वाटीत एक लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, झाकण तीन मिनिटं. पाच मिनिटं ठेवलंत तर कडवट होतं.

मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई घालून रात्रभर ठेवलं. सकाळी तुकडे पिठासारखे झाले होते. आणि काळा मसाला लावला की कडू लागतं. (विडी घरकुल)

पपईतला पपेन मांसाचे धागे तोडतो आणि थांबा म्हटल्याशिवाय थांबत नाही. ब्रॉयलरला पपईची गरजच नाही. घालायचीच तर किलोला एक चमचा कीस, तासभर, बस्स. लिंबाचंही तसंच, भरपूर लिंबात रात्र काढलेलं चिकन खडूसारखं होतं.

रात्रभर ठेवून मसाला आत मुरतो हा समज सोडलेला बरा. मसाला वरच्या दोन-चार मिलिमीटरमध्येच राहतो. खोल जातं ते मीठ. म्हणून मीठ आधी आणि एकटं. हाडासकट एक किलो चिकन फडक्यानं कोरडं करा, 12 ग्रॅम मीठ (सपाट दोन चमचे) चोळून दोन तास फ्रिजमध्ये झाकून ठेवा. मग दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, दोन चमचे ब्याडगी तिखट, अर्धा चमचा हळद, एका लिंबाचा रस, दीडशे ग्रॅम चक्का आणि दोन मोठे चमचे तेल फेसून लावा, तासभर ठेवा. पातळ दही वापरलं तर ते निखाऱ्यावर गळतं, आच मारतं आणि मसालाही घेऊन जातं. तेल रिफाइंड करडईचं चांगलं. घाण्याचं तेल चवीला छान, पण लवकर धुरावतं.

काळा मसाला आधीच खरपूस भाजलेला असतो. त्याला निखाऱ्यावर अर्धा तास दुसऱ्यांदा भाजलं तर कडू होणारच. एक चमचा काळा मसाला दोन चमचे कोमट तेलात कालवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशनं लावा. शेंगदाण्याची चटणी तर जाळीवर नकोच. ती ताटात.

चिकन विदाउट स्किन घ्यायची आपल्याकडे सवय आहे. भाजण्यासाठी एकदा दुकानदाराला कातडी ठेवायला सांगा. कातडीखालची चरबी वितळत मांसाला ओलं ठेवते. कातडी काढलेली असेल तर दर दहा मिनिटांनी तेलाचा हात फिरवावा लागेल.

घरची डाळिंबं आहेत. त्यांचा बार्बेक्यू सॉस होतो का? बाटलीतला लावला की चिकन काळं पडतं. (सांगोला)

होतो, आणि चांगला होतो. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या माणसानं बाटली विकत घ्यावी हेच नवल. अडीच किलो फळांचा साधारण लिटरभर रस निघतो. दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत दोनदाच फिरवा; बिया वाटल्या गेल्या तर रस तुरट होतो. स्टीलच्या पातेल्यात रस आटवून पाव लिटर करा, पाऊण तास लागेल. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रसाला धातूची चव येते. दुसरीकडे एक बारीक कांदा आणि सहा लसूण पाकळ्या तेलात लालसर परता, त्यात दीडशे ग्रॅम टोमॅटोची प्युरी, 50 ग्रॅम गूळ, तीन मोठे चमचे व्हिनेगर, एक चमचा तिखट, एक चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड आणि आटवलेला रस घाला. मंद आचेवर पंधरा मिनिटं. चमच्याच्या पाठीवर बोटानं ओढलेली रेघ मोडली नाही की उतरवा. भगवा जातीचं फळ मुळात गोड, तेव्हा गूळ चाखत घाला.

काळं पडतं ते साखरेमुळे. कुठलाही गोड सॉस सुरुवातीला लावायचा नाही. चिकन जवळपास शिजलं की शेवटच्या सात-आठ मिनिटांत, रिकाम्या बाजूला ठेवून, पातळ पातळ दोन-तीन हात द्या. एकदम जाड थर दिला तर तो गळून निखाऱ्यावर पडतो आणि जळक्या साखरेचा धूर वर येतो.

गावरान कोंबडा कोळशावर होतो का? (बार्शी)

थेट नाही. चिवट राहील. तुकडे करून हळद-मीठ आणि कपभर पाणी घालून कुकरला घ्या. तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, असेल तर दोन-तीन शिट्ट्या, जुना कोंबडा असेल तर पाच-सहा. त्याच पाण्यात गार होऊ द्या, मग निथळून, पुसून, तेलात कालवलेला मसाला लावून निखाऱ्यावर आठ-दहा मिनिटं. उरलेलं पाणी ओतू नका. त्याचा रस्सा आणि कडक भाकरी हा या सगळ्या खटाटोपातला बहुधा सर्वांत चांगला भाग ठरेल.

पंधरा माणसं येणार आहेत. किती चिकन आणू, आणि गच्चीवर किती वेळ बाहेर ठेवलं तर चालेल? (अशोक चौक)

हाडासकट माणशी 300 ते 350 ग्रॅम, म्हणजे पाच किलोच्या आसपास. दीड फूट लांब शेगडीवर अर्धी बाजू रिकामी ठेवून एका वेळी सव्वा-दीड किलोच मावतं. म्हणजे चार घाणे, अडीच ते तीन तास. सगळ्यांना एकदम बसवायचा बेत सोडा, घाणा उतरेल तसं वाढा. उतरवल्यावर पाच मिनिटं थांबून वाढलं तर रस ताटात सांडत नाही.

कच्चं चिकन सगळं एकदम वर नेऊ नका. घाण्यापुरतं आणा, बाकी फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या बादलीत. हवा 32 अंशांच्या वर असेल तर बाहेरचा एकूण वेळ एक तास. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सातलाही हवा त्याहून तापलेली असते. चिकन नळाखाली धारेनं धुऊ नका, ते शिंतोडे ओटाभर जंतू पसरवतात. धुवायचंच तर भांड्यात पाणी घेऊन, आणि नंतर सिंक साबणानं घासून.

कच्च्याचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा. कच्च्याच्या मुठीला लाल चिंधी बांधा, कारण तिसऱ्या घाण्यापर्यंत शेगडीपाशी माणसं बदललेली असतात. ज्या परातीतून कच्चं नेलं तिच्यात भाजलेलं परत येता कामा नये. आणि परातीच्या तळाशी उरलेला मसाला शिजलेल्या चिकनवर वरून लावायची हौस असेल, तर तो आधी खळखळून पाच मिनिटं उकळा.