निळं प्लास्टिक, जुना वेग: यूएसबीविषयी वाचकांचे प्रश्न

परीक्षा आटोपल्या, लग्नसराई ओसरली की या सदराकडे हार्ड डिस्क आणि केबलींचे प्रश्न येऊ लागतात. कोणाला लग्नाचे फोटो हलवायचे असतात, कोणाला कॉलेजचा प्रोजेक्ट. प्रश्न वेगळे दिसले तरी गोंधळ बहुतेक वेळा एकच असतो: प्लग बसला की वेग मिळाला, असं धरून चालतात. म्हणून या वेळी उत्तरं एकत्रच देतो.

यूएसबी ३.० चा पेन ड्राइव्ह जुन्या २.० च्या पोर्टला चालतो का? (मानेवाडा)

चालतो. वेग जुनाच मिळेल.

२.० पेक्षा ३.० नेमकं कशात सरस? 'फास्ट आहे' एवढंच उत्तर नको. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

२.० हे मानक २००० सालचं, कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. ३.० नोव्हेंबर २००८ मध्ये आलं, वेग ५ गिगाबिट. कागदावर दहापट. पण फरक नुसत्या आकड्यात नाही, तारांत आहे. २.० मध्ये चार तारा: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. त्या दोनांवरूनच पाठवायचं आणि त्यांवरूनच घ्यायचं. एकेरी रुळावर समोरची गाडी जाईस्तोवर स्टेशनात थांबावं लागतं, तसं. ३.० मध्ये या चारांच्या जोडीला पाच संपर्क वाढले. एक जोडी जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक ग्राउंड. त्यामुळे दोन्हीकडची वाहतूक एकाच वेळी चालते.

दुसरी सुधारणा फारशी कोणी सांगत नाही. २.० मध्ये संगणक जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला सारखा विचारत राहतो, 'काही आहे का?' ३.० मध्ये उपकरण तयार नसेल तर तसं कळवतं आणि तयार झालं की स्वतःहून सांगतं. दरम्यान ते झोपू शकतं, वीज वाचते. विजेची मर्यादाही ५०० मिलिॲम्पियरवरून ९०० वर गेली. पोर्टेबल हार्ड डिस्कला याचा उपयोग वेगाइतकाच होतो.

३.० ची नवी हार्ड डिस्क घेतली. ५०० जीबी फोटो कॉपी व्हायला चार तास लागतात. दुकानदार म्हणतो डिस्कच स्लो आहे, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या. (लग्नाचे छायाचित्रकार, प्रतापनगर)

थांबा, खिशात हात घालू नका. चार तास या आकड्यातच उत्तर आहे. २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या (मेगाबाइट; आठ बिट म्हणजे एक बाइट) आसपास मिळतात, आणि त्या हिशोबाने ५०० जीबीला चारच तास लागतात. फिरत्या तबकडीची साधी पोर्टेबल डिस्कसुद्धा शंभरावर जाते, म्हणजे काम सव्वा तासाच्या आसपास व्हायला हवं. तुमची डिस्क स्लो नाही, ती २.० म्हणून जोडली जाते आहे.

कारण बहुधा या तीनपैकी एक. डिस्कच्या बाजूचा प्लग रुंद, दोन भागांचा असतो. त्याच्या एका भागात जुन्या फोनची बारीक केबल बसते आणि चालतेही, फक्त २.० च्या वेगाने. दुसरं, प्लग हळूहळू सरकवत लावला तर जुने चार संपर्क आधी टेकतात आणि संगणक त्याला २.० समजतो. काढून एका दमात लावून बघा. तिसरं कारण कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टचं. पोर्ट निळा, पण असेंबल करणाऱ्याने आतली वायर ॲडॉप्टर लावून मदरबोर्डच्या २.० च्या पिनांना जोडलेली. असे संगणक मी उघडून पाहिले आहेत. मागच्या पोर्टला लावून वेग मोजा. तिथेही रडत असेल तर फोटोंची दुसरी प्रत आधी करून ठेवा आणि डिस्क जाणत्या माणसाला दाखवा.

नागपूरच्या बर्डीवर फुटपाथवर 'सुपर फास्ट ३.०' टाइप-सी केबल शंभर रुपयांत मिळते, दुकानात तशीच सहाशेला. लुटतंय कोण? (इतवारी)

कदाचित दोघंही. हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण यावर मला बरंच बोलायचं आहे.

टाइप-सी हा आकार आहे, वेग नाही. २०१४ मध्ये हा प्लग ठरला, त्यात २४ संपर्क. पण केबल बनवणाऱ्याने सगळ्या तारा ओढल्याच पाहिजेत असं नाही. फक्त २.० पुरत्या तारा घातलेली टाइप-सी केबल नियमात बसते, आणि बाजारात बहुतेक त्याच आहेत. महाग असण्याचाही भरवसा नको: आयफोन १५ ला टाइप-सी आहे, पण त्याच्या डेटाचा वेग २.० चाच. प्लगमधलं निळं प्लास्टिकही पुरावा नाही. मानकात निळा रंग सुचवलेला आहे, सक्तीचा नाही, आणि निळं प्लास्टिक कोणालाही विकत मिळतं. मोठ्या चौकोनी प्लगमध्ये टॉर्च मारून बघा. पुढे चार पट्ट्या आणि मागे आणखी पाच दिसल्या तर ३.० शक्य आहे. नुसत्या चार असतील तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ती ३.० नाही.

नावांचा घोळ तर खुद्द मानक ठरवणाऱ्या संस्थेनेच घालून ठेवला. ५ गिगाबिटच्या त्याच ३.० ला २०१३ नंतर '३.१ जेन १' म्हणायला लागले आणि २०१७ नंतर '३.२ जेन १'. वेग तोच. मग विक्रेता डब्यावर मोठ्या अक्षरांत '३.२' छापतो आणि 'जेन १' कुठेतरी खालच्या कोपऱ्यात. गिऱ्हाईक समजतं, नवीन आहे. म्हणून '३.० की ३.२' हा आकडा विचारू नका, 'किती गिगाबिट, किती वॉट' हे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आता खरी काळजी. वेग कमी मिळाला तर वेळ जातो, केबल चुकीची असली तर यंत्र जातं. एका टोकाला जुना चौकोनी प्लग आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर (विजेला अडवणारा बारीकसा भाग) असावा लागतो. तो फोनला सांगतो, 'पलीकडे साधा पोर्ट आहे, बेताने ओढ.' स्वस्त केबलीत त्या जागी १० किलोओहमचा निघतो. मग फोन समजतो की ३ ॲम्पियर मिळणार, तो ओढायला लागतो आणि ताण जुन्या पोर्टवर येतो. गुगलमधले अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून अशा केबली विकत घेऊन तपासल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत आत उलटी जोडणी केलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. अशा केबली बनवणारे काय करतात हे ज्याला कळतं, त्याच्या टेबलावर हे घडलं. फुटपाथवरच्या केबलमध्ये कोणता रेझिस्टर आहे, हे तुम्हाला-मला बघून कळणार नाही. बिल देणाऱ्याकडून, बदलून देण्याची हमी घेऊनच केबल घ्या.

हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो. व्हायरस असेल का? (सिव्हिल लाइन्स)

नाही. ३.० च्या केबल आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि माउसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला, शक्यतो छोट्या एक्स्टेन्शनने लांब लावा.

तीन महिन्यांपासून डिस्कमधून टकटक आवाज येतो. शेजारचे काका म्हणाले, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. की नवी ३.० केबल घेऊ? (महाल)

तीन महिने! आणि आता फ्रीजर. काकांना माझा नमस्कार सांगा आणि डिस्क त्यांच्या हाती लागू देऊ नका. मे महिन्यातल्या नागपुरात फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर दव धरेल, आणि तबकडीवर पाण्याचा अंश गेला तर पुढचं काम संपलं. पोर्टकडून वीज कमी पडली तरी टकटक होऊ शकते हे खरं, पण ती शहानिशा घरी करू नका. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर हेड (डेटा वाचणारं टोक) तबकडीला घासत असेल तर वाचणारा डेटाही जातो. आता लावूच नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे आजच न्या आणि डिस्क उघडण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

विंडोज ७ च्या जुन्या डेस्कटॉपला ३.० चं कार्ड बसेल का? (त्रिमूर्तीनगर)

मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा मोकळा स्लॉट असेल तर बसेल. विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) मुळात नाही, तो कार्डासोबतचा टाकावा लागेल. ८ पासून तो आतच येतो. स्लॉट पहिल्या पिढीचा असेल तर सेकंदाला २५० एमबीपलीकडे जाणार नाही, तरी तुमच्या डिस्कला तेवढं पुष्कळ. पॉवर सप्लाय किती जुना आहे ते मात्र आधी तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

फोनच्या टाइप-सी केबलने लॅपटॉप चार्ज केला तर चालेल? (कामठी)

साधी चांगली टाइप-सी केबल ३ ॲम्पियर, म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्यापुढे ५ ॲम्पियरची, आत ओळख सांगणारी चिप असलेलीच लागते. २०२१ पासून ही मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली आहे, पण केबलवर तसं लिहिलेलं हवं. लॅपटॉपच्या चार्जरवरचे वॉट वाचा आणि शंका असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

ऑफिसच्या प्रिंटरसाठी पाच मीटरची ३.० केबल कुठे मिळेल? (धंतोली)

शोधू नका. ३.० साधारण तीन मीटरपलीकडे कुरकुरतं, आणि प्रिंटरला २.० पुरतं. २.० चीच पाच मीटरची केबल घ्या.