आधी टनाचा खर्च विचार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही मेसेज वाचले. दिंडोरीच्या जमिनीचे पैसे वडिलांनी तुझ्या भरवशावर सोडलेत, आणि हेमॅटाइट या लोहखनिजाच्या खाणवाल्या कंपनीचे शेअर घ्यावेत की मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाच्या, यात तुझी झोप उडालीय. मॅग्नेटाइटवालीच्या मालात ६७ टक्के लोखंड लिहिलंय, हेमॅटाइटवालीच्या ६२, म्हणून मन ६७ कडे ओढतंय. सीए होणाऱ्या मुलीने एवढ्यावर भाळावं?

अगं, ते ६७ टक्के खाणीत नसतात. तिथल्या दगडात असतात तीसच्या आसपास. तो फोडायचा, पिठासारखा दळायचा, चुंबकाने लोखंड वेगळं काढायचं. विकण्याजोगा एक टन मिळवायला अडीच-तीन टन दगड लागतो. वीज, पाणी, उरलेल्या गाळाचं धरण, सगळं त्या एका टनाच्या माथी. चांगल्या प्रतीचं हेमॅटाइट मात्र फोडून, चाळून थेट वॅगनमध्ये भरता येतं. गुंतवणूकदार वर्षानुवर्षं तिकडे झुकले ते यामुळे. म्हणून सांगतो, आधी टनाचा खर्च विचार.

ऑस्ट्रेलियातल्या सिनो आयर्न या मॅग्नेटाइट प्रकल्पाबद्दल वाच. अडीच अब्ज डॉलरच्या आसपासचा अंदाज दहा अब्जांच्या वर गेला आणि पहिलं जहाज सुटायला २०१३ चा डिसेंबर उजाडला.

हरित पोलादाला, म्हणजे कमी कार्बन सोडून केलेल्या पोलादाला, मॅग्नेटाइट लागेल हे तुझं म्हणणं खोटं नाही. हायड्रोजनवर लोखंड करायचं तर खनिज शुद्धच लागतं, आणि मॅग्नेटाइटच्या गोळ्या भाजताना इंधनही वाचतं. शुद्ध मालाला जादा भाव मिळतो, पण पोलाद कारखान्यांचा नफा आटला की तोही आक्रसतो. खर्च आक्रसत नाही.

हेमॅटाइट म्हणून डोळे मिटून घ्यावं, असंही नाही हं. २०१५ च्या कायद्यानंतर खाणी लिलावात जातात. ओडिशात २०२० साली काहींनी खनिजाच्या जाहीर किमतीच्या शंभर टक्क्यांहून जास्त रक्कम सरकारला कबूल केली. तिथे खनिज उत्तम असून काय उपयोग? आधी खर्च विचार, मग टक्के.

लोहखनिजाचा भाव २०११ मध्ये टनाला १९० डॉलरपर्यंत गेला होता, २०१५ च्या डिसेंबरात तो चाळीसच्या खाली आला. घरातले सगळे 'विका, विका' म्हणत असताना मी एनएमडीसी या सरकारी लोहखनिज कंपनीचा शेअर धरून ठेवला. त्याला हट्ट म्हणतात लोक, म्हणू देत. सातपूरला फाउंड्री चालवताना पिग आयर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाच्या, भावाने मला कित्येकदा रडवलंय. भाव कुणाच्या हातात नसतो हे मी तिथे शिकलो. एनएमडीसीच्या छत्तीसगडमधल्या बैलाडिला खाणींचं खनिज ६५ टक्क्यांच्या आसपासचं, दळायची गरज नाही. भाव पडल्यावर असेच तग धरतात. मी बरोबर होतो, आजही तेच करीन. भागीदाराला मात्र हे पटवता आलं नाही. त्याने तळाला विकलं, ती खंत जात नाही. म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय.

रविवारी सकाळी ये. रंगीत सादरीकरणं नकोत, दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल आण. वीज कुठून आणि काय दराने, माल रेल्वेने जातो की ट्रकने, लिलावात किती टक्के कबूल केलेत, यावर पेन्सिलने खुणा करून आण. वडिलांनाही घेऊन ये. जमीन त्यांची होती, बोलणं त्यांच्यासमोर व्हायला हवं.

तुझा,
काका