कराडला पहाटेच्या थंडीत इंजेक्शनवालं (पेट्रोल फवारून आत सोडणारं) विमानाचं इंजिन आधी गरम करायला लागतं का? मी सध्या बूस्ट पंप (पेट्रोल पुढं ढकलणारा विजेचा पंप) नुसता चालू-बंद करतो.

नाही, कराडच्या थंडीला इंजिन आधी गरम करायची गरज नाही, प्राइम (चालू करण्याआधी इंजिनात थोडं पेट्रोल सोडणं) नीट झालं की ते चालू होतं. लायकमिंग या इंजिन कंपनीच्या सूचनेत प्रीहीट, म्हणजे आधी गरम करणं, सांगितलंय ते साधारण उणे १२ अंशांच्या खाली, आपल्याकडं पारा १० वर आला तरी लोक शेकोट्या पेटवतात. खरी भानगड अशी की गार पेट्रोलची वाफ कमी होते म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं, आणि तुम्ही लिहिलंय की बूस्ट पंप नुसता चालू-बंद करता, तेवढ्यानं भागत नाही. मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) फुल रिच, म्हणजे पूर्ण पुढं, थ्रॉटल जरासा उघडा, पंप चालू करून फ्युएल फ्लोचा (पेट्रोल किती वाहतंय ते दाखवणारा) काटा हलला की ३ ते ५ सेकंद थांबायचं, पंप बंद, मग मिक्स्चर पूर्ण मागं, म्हणजे पेट्रोल बंद, घेऊन स्टार्टर मारायचा, इंजिननं पेट घेतला की मिक्स्चर हळूच पुढं. नाही लागलं तर परत परत प्राइम करत बसू नका, पेट्रोल खाली साठतं आणि बॅकफायर झाला तर आग लागू शकते, हे खरंच मनावर घ्या. चालू झाल्यावर ३० सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं पाहिजे, नाहीतर लगेच बंद.

फक्त हे सगळं मेकॅनिकल इंजेक्शनचं झालं; रोटॅक्स ९१२ आयएस (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन) असेल तर पेट्रोल किती द्यायचं ते ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) ठरवतो, तिथं बॅटरी दमदार पाहिजे, गारठ्यात आधी तीच मान टाकते.