बाळंतपणात वाढलेलं बीपी गेलं होतं, मग आता परत कसं आलं?

"मॅडम, बाळ झालं की बीपी जातं असं सांगितलं होतं. गेलंही होतं. मग आता परत कुठून आलं?" ठाण्यात आमच्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी पस्तिशी-चाळिशीच्या असतात. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती ३६ वर्षांची. सासर रबाळ्याजवळ गोठिवली गावात, नोकरी ऐरोलीच्या एका कंपनीत. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत बीपी १५२/९८ निघालं. आमच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. मशीनचा पट्टा दंडावर आवळायला लागला की ती रडायची.

सोबत नवरा होता आणि बाळंतपणाची प्लास्टिकची फाइल. मुलगी आता पाच वर्षांची. तेव्हा काय झालं होतं, असं विचारल्यावर तिने घडाघडा सांगितलं: ३४व्या आठवड्यात सिझेरियन, वजन १ किलो ९०० ग्रॅम, पेटीत किती दिवस ठेवलं, कावीळ किती चढली, दूध पहिल्यांदा कधी ओढलं. मी विचारलं, "आणि तुमचं बीपी किती होतं?" ती नवऱ्याकडे बघायला लागली. त्यालाही माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर मधेच एका ओळीत डॉक्टरी अक्षरात होतं: सिव्हिअर प्रीएक्लाम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून आईच्या इतर अवयवांवरही ताण येणारा आजार), १७०/११०, लघवीत प्रोटीन तीन प्लस, म्हणजे खूप जास्त, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. सहा आठवड्यांनी बीपी नॉर्मल आलं, गोळ्या बंद झाल्या आणि फाइल कपाटात गेली. त्यानंतर ती दवाखान्यात गेली ती फक्त मुलीच्या लसींसाठी. मला याचा राग येतो. बाळाच्या डोसांच्या तारखा कार्डावर छापलेल्या असतात, आईला मात्र पुन्हा कधी यायचं ते कुणी सांगत नाही.

तर प्रश्नाचं उत्तर. प्रीएक्लाम्पसियात वारेकडे (प्लासेंटाकडे) जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तितक्या रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं, तिच्यातून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वार पडल्यावर हा मारा थांबतो, म्हणून बीपी उतरतं. पण अस्तराची इजा पूर्ण भरून येतेच असं नाही, शिवाय बीपी वाढण्याचा कल बऱ्याच जणींच्या अंगात मुळात असतोच. पहिल्या मोठ्या पावसात स्लॅब कुठे गळतो ते कळतं. ऊन पडून भिंत वाळली म्हणजे स्लॅब दुरुस्त झाला असं कुणी म्हणत नाही. अशा बायकांना पुढे कायमचं बीपी जडण्याची शक्यता इतरांच्या साधारण तीन ते चार पट असते, हृदयविकाराची आणि पक्षाघाताची जवळपास दुप्पट. हे ऐकून ती घाबरली. तिला सांगितलं, पस्तिशीत हृदयविकाराची मूळ शक्यताच कमी असते. तिची दुप्पट म्हणजे उद्याच काही होणार असं नाही, हातात वेळ आहे.

मग हळूच आलं, "सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना लोकलने ऑफिसला जात राहिली म्हणून झालं." याचं उत्तर मी नवऱ्याकडे बघून दिलं. प्रवासाने किंवा नोकरीने प्रीएक्लाम्पसिया होत नाही. घरी जाऊन हे वाक्य तुम्ही बोलायचं, तिने नाही.

खरं काम पट्ट्याचं होतं. बाळंतपणाच्या रात्री दर पंधरा मिनिटांनी तो आपोआप आवळत होता आणि शेजारी कुणीतरी "अजून चढतंय" म्हणत होतं. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर थेट ऑफिसच्या या तपासणीपर्यंत तिने बीपी मोजूच दिलं नव्हतं. आम्ही पट्टा आधी नुसता टेबलावर ठेवला. मग तिने स्वतः दंडाला बांधला, मशीन बंद ठेवून. मग चालू केलं, पण बटण तिच्या हातात, नको वाटलं की तिनेच बंद करायचं. नवऱ्याच्या दंडावर तिने मोजलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली, कारण त्याचंही १३८ निघालं.

अशा भीतीत क्लिनिकमधला आकडा फुगू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजायला सांगितलं. मनगटाचं नव्हे, दंडाचं मशीन. आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, मधे एक मिनिट सोडून. तिचा पहिला आकडा १५८. विचारलं तर म्हणे, मुलीला "डबा संपव" म्हणून ओरडता ओरडता मोजलं! पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १४३/९१ आली. घरी १३५/८५ किंवा त्याच्या वर सरासरी गेली की बीपी वाढलेलं धरतात. म्हणजे तिचं बीपी खरंच वाढलेलं होतं. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं), साखर, कोलेस्टेरॉल या तपासण्याही झाल्या.

जेवणाबद्दल फार उपदेश केला नाही. घरात सुकट, खारा बांगडा, पापड रोजचे. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा. सुकी मासळी रविवारपुरती ठेवायचं सासूबाईंनीच ठरवलं. डोकं दुखलं की ती आयबुप्रोफेन घ्यायची. त्यानेही बीपी वाढतं, ते थांबवलं.

एक गोष्ट तिने दार उघडता उघडता विचारली: दुसरं मूल होऊ द्यावं का? हे बीपीची गोळी लिहून देण्याआधी डॉक्टरांना कळायलाच हवं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, पण गरोदरपणात त्या बाळाच्या किडनीला घातक ठरतात. तिला दुसरी गोळी मिळाली. प्रीएक्लाम्पसिया पुन्हा होईलच असं नाही, पण शक्यता असते. ती कमी करायला साधारण १२व्या आठवड्यापासून कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात, अर्थात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. दिवस राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी भेटणं बरं, म्हणून तिने त्यांची वेळ घेतली आहे.

तुमचंही गरोदरपणात बीपी वाढलं असेल, तर आज नॉर्मल असलं तरी वर्षातून एकदा मोजा. तिशीनंतर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात हे फुकट होतं. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधीही डॉक्टरांना हे सांगा, कारण काही गोळ्यांनी बीपी वाढतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. कार्ड हरवलं असेल, तर कितव्या आठवड्यात बाळंत झालात, झटके आले होते का, बीपीच्या गोळ्या किती दिवस चालू होत्या, एवढं आठवेल तसं लिहून ठेवलंत तरी डॉक्टरांना पुरतं.