धुराची गाडी येईल तेव्हा येईल, आधी फ्रिजमागचा ट्रे बघा

तुमचा प्रश्न असा : सोसायटीत दोघांना डेंग्यू झालाय, महापालिका धूर मारून जाते, शेजारी ढिम्म. मग मी एकट्याने घरात काळजी घेऊन काय उपयोग?

उपयोग आहे. हाडमोड्या ताप काय असतो ते भोगून सांगतोय. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात, पुण्यात, मी अंथरुणात पडून शेजारच्या बांधकामाला शिव्या घालत होतो. तपासणीला आलेल्या बाईंनी थेट स्वयंपाकघर गाठलं, फ्रिज पुढे ओढायला लावला आणि मागच्या ट्रेवर टॉर्च मारला. बोटभर पाण्यात शेवयांच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. सावली पडली की सगळ्या एकदम तळाला. त्यानंतर मी बांधकामाचं नाव काढलं नाही.

डेंग्यूचा एडिस डास गटारातला नव्हे. त्याला घराच्या आसपास साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, आणि तो सहसा काही शे मीटरच्या पलीकडे उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावणारा डास बहुतेक तुमच्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारी वाढलाय. 2024 मध्ये पुण्यात झिका तापाचे रुग्ण सापडले, तोही याच डासाचा प्रताप.

अंड्याचा डास व्हायला पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठलेलं सगळं पाणी काढून टाकायचं. पण नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. ती सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे कडा घासणीने खसाखसा घासायच्या : मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीतलं पिंप.

धुराने मरतात ते उडते डास, अळ्यांना काही होत नाही. त्यात गाडीचा आवाज आला की आपण खिडक्या लावून घेतो, आणि हा बसलेला असतो पलंगाखाली नाहीतर पडद्यामागे!

शिवाय तो दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री कॉइल लावून फारसं साधत नाही. मच्छरदाणी आजारी माणसाला दिवसासुद्धा हवी. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याला चावलेला डास पुढे इतरांना डेंग्यू देऊ शकतो. तुमच्या त्या दोघांच्या घरी हे कुणी सांगितलंय का, विचारा. आणि अंगदुखीवर मनानेच आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका म्हणावं, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

राहिले शेजारी. उपदेशाने काही झालं नाही. माझ्या मुलीने ट्रेमधल्या अळ्या काचेच्या बरणीत भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि बरणी लिफ्टशेजारी ठेवून दिली. चौथ्या दिवशी आत डास उडायला लागले. त्या रविवारी वरच्या मजल्यावरचे काका टॉर्च मागायला आले.